‘मग रद्द करा’ म्हणण्याआधी: उन्हाळी पॅकेजमध्ये अडकलेले पैसे कसे सोडवायचे

प्रश्न: नाशिकहून आम्ही पाच जण (आम्ही दोघं, दोन मुलं आणि आई) मे महिन्यात काश्मीरला निघणार होतो. पुण्यातल्या एका टूर कंपनीला जानेवारीतच मुंबई–श्रीनगर विमानासह सहा रात्रींच्या पॅकेजचे २,१५,००० रुपये भरले. त्यातले ६५,००० क्रेडिट कार्डवरून गेले, बाकीचे यूपीआयने दोन हप्त्यांत. निघायला १२ दिवस उरले असताना कंपनीचा फोन आला: विमानाची वेळ बदलली, ठरलेलं हॉटेल मिळत नाही, ‘समकक्ष’ देऊ, आणि दर वाढल्यामुळे माणशी ६,५०० जादा भरा. नको असेल तर रद्द करा. ६० टक्के कापून उरलेल्या रकमेची वर्षभराची क्रेडिट नोट (पुढच्या सहलीत वापरायचं पत्र) मिळेल. आम्ही काय करावं?

उत्तर:

आधी काय करू नये ते सांगतो. फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर ‘मग रद्द करा’ असं म्हणू नका. त्या शब्दांनी सगळा हिशेब उलटतो. आत्ता अटी कंपनीने बदलल्या आहेत, म्हणजे करार तिने मोडलाय. तुम्ही ‘रद्द करा’ लिहिलंत की कागदोपत्री सहल तुम्ही रद्द केलेली ठरते आणि पावतीमागच्या बारीक अक्षरांतला ६० टक्के कपातीचा तक्ता लागू होतो. म्हणजे १,२९,००० गेले आणि ८६,००० रुपयांचा एक कागद हातात आला. फोन करणारी व्यक्ती तुमच्याकडून नेमकं तेच वाक्य वदवून घ्यायला बघत असते. ‘सर, तुम्ही फक्त मेसेज टाका, प्रोसेसला लावतो,’ असं फार गोड आवाजात सांगितलं जातं.

त्याऐवजी आजच ईमेल पाठवा. मजकूर छोटा आणि कोरडा ठेवा: ‘अमुक तारखेच्या पावतीनुसार आम्ही पूर्ण रक्कम भरली आहे. तमुक तारखेला दूरध्वनीवरून आपण विमानाची वेळ, हॉटेल आणि किंमत बदलत असल्याचं सांगितलं. हे बदल आम्हाला मान्य नाहीत. ठरलेल्या अटींनुसार सहल द्यावी. ते शक्य नसल्यास पूर्ण रक्कम ज्या मार्गाने भरली त्याच मार्गाने सात दिवसांत परत करावी. आम्ही सहल रद्द करत नाही. विमानाचे पीएनआर, प्रत्येक हॉटेलचं नाव, खोलीचा प्रकार आणि बुकिंग क्रमांक ४८ तासांत कळवावेत.’ शेवटचं वाक्य गाळू नका, पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. हाच ईमेल व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका, म्हणजे ‘मिळालाच नाही’ म्हणायला जागा राहत नाही. फोनवर झालेलं बोलणं त्याच दिवशी ‘आज आपलं असं बोलणं झालं’ म्हणून लेखी कळवायचं. समोरच्याने त्यावर हरकत घेतली नाही, तर पुढे तो बऱ्यापैकी पुरावा ठरतो.

आता मूळ मुद्दा. पॅकेज ही एक वस्तू वाटते, पण आत चार-पाच वेगवेगळे व्यवहार असतात: विमान, हॉटेलं, गाडी, कर आणि कंपनीचा नफा. तुमचे २,१५,००० एका खिशात गेले, तिथून ते पुढे कुठे गेले किंवा गेलेच नाहीत, हे आधी शोधायचं. प्रत्येक खिशातून पैसे काढायची रीत वेगळी आहे. ‘सगळे पैसे पुढे भरले, आमच्या हातात काही नाही’ हे कंपनीचं वाक्य बहुधा अर्धसत्य असतं. ते कितपत खरं हे दोन दिवसांत घरबसल्या तपासता येतं.

विमानापासून सुरुवात करा. पीएनआर मिळाला की कंपनीचा शब्द बाजूला ठेवून विमान कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पीएनआर आणि आडनाव टाकून बघा. पाचही नावं दिसतात का, तिकीट ‘कन्फर्म’ आहे का, वेळ खरंच बदलली आहे का? पीएनआर द्यायला टाळाटाळ झाली तर समजावं की जानेवारीत तिकीट काढलंच नव्हतं. हंगामी टूरमध्ये हे सर्रास चालतं. कंपनी गटासाठी थोडा विसार देऊन जागा अडवते, नावं नंतर भरते किंवा भाडं उतरेल या आशेवर थांबते. एप्रिलमध्ये भाडं चढलं की हिशेब कोलमडतो आणि तुम्हाला ‘विमानाची वेळ बदलली, दर वाढले’ असा फोन येतो. तुमच्या पैशांवर कंपनी सट्टा खेळली आणि हरल्यावर तोटा तुमच्या नावावर टाकतेय, एवढाच त्याचा अर्थ. जानेवारीत पूर्ण पैसे घेऊन मे उजाडेपर्यंत तिकीट न काढणं ही सेवेतली उघड त्रुटी आहे आणि तक्रारीत तो मुद्दा सर्वांत वर घ्यायचा.

समजा तिकीट खरंच आहे आणि विमान कंपनीनेच उड्डाण रद्द केलंय. मग नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम लागू होतात. पर्यायी उड्डाण की पूर्ण परतावा, ही निवड प्रवाशाची असते. नियमात सांगितल्याप्रमाणे आधी कळवलं नाही, तर त्यावर भरपाईही मिळते: उड्डाणाचा काळ एक तासापर्यंत असेल तर ५,००० रुपये, एक ते दोन तासांसाठी ७,५००, दोन तासांपेक्षा जास्त असेल तर १०,०००, किंवा एकतर्फी मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. मुंबई–श्रीनगर दोन तासांच्या वरचं उड्डाण आहे. तुम्हाला बारा दिवस आधी कळलं असल्याने या भरपाईची आशा धरू नका. परताव्याचा हक्क मात्र पक्का आहे. हवामान, युद्धजन्य परिस्थिती, हवाई नियंत्रणाचे आदेश अशा कारणांतही भरपाई मिळत नाही, पण भाडं परत करावंच लागतं.

इथे बऱ्याच कुटुंबांचं घोडं अडतं ते एका साध्या गोष्टीवर. तिकिटावर मोबाइल क्रमांक आणि ईमेल एजंटचा असतो. विमान कंपनी म्हणते, आम्ही कळवलं. कळलेलं असतं ते एजंटला. बुकिंगच्या वेळी संपर्काची पुरेशी माहिती न देणाऱ्या प्रवाशाला भरपाई नाही, असं नियमातच लिहिलंय. म्हणून पीएनआर हाती येताच विमान कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन स्वतःचा क्रमांक जोडून घ्या. काश्मीरच्या बाबतीत अजून एक: बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमकार्डं जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. परतीच्या विमानाचा बदल आणि बँकेचा ओटीपी प्रीपेड क्रमांकावर येणार असेल, तर तो तुम्हाला मुंबईत उतरल्यावरच दिसेल. घरातला एक तरी क्रमांक पोस्टपेड असू द्या आणि तिकिटावर तोच द्या.

एजंटमार्फत काढलेल्या तिकिटाचा परतावा एजंटच्याच खात्यात जातो, आणि टोलवाटोलवी इथूनच सुरू होते. एजंट म्हणतो विमान कंपनीने दिले नाहीत, विमान कंपनी म्हणते एजंटला विचारा. त्यावर उपाय असा: पीएनआर देऊन विमान कंपनीला लेखी विचारा, परतावा कोणत्या तारखेला, किती आणि कुणाच्या खात्यात वळता केला. हे उत्तर आलं की एजंटचा बहाणा तिथेच संपतो. विमान कंपनी उत्तर देत नसेल, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका. तिथली तक्रार कंपनीला क्रमांकानिशी बंद करावी लागते, त्यामुळे उत्तर येतं. आणि प्रवाशाने स्वतःहून रद्द केलेलं, अगदी ‘नॉन-रिफंडेबल’ तिकीट असलं, तरी त्यातले कर आणि विमानतळ शुल्क परत करावंच लागतं. रद्द करण्याचा आकार मूळ भाडं अधिक इंधन आकार यापेक्षा जास्त घेता येत नाही. ‘सगळंच गेलं’ म्हणणाऱ्याला या दोन ओळी दाखवा.

हॉटेलांचं काम त्याहून सोपं. ठरलेल्या हॉटेलला थेट फोन करा, मग ईमेल: ‘अमुक तारखांना आमच्या नावाने किंवा या कंपनीच्या नावाने खोल्या आहेत का? आगाऊ रक्कम आली आहे का?’ श्रीनगर-पहलगामची हॉटेलं असल्या प्रश्नांना सरावलेली आहेत, सरळ उत्तर देतात. बुकिंग कधी केलंच नव्हतं, असं कळलं तर तो ईमेल जपून ठेवा. ‘किंवा समकक्ष’ या शब्दांवर भांडायचं ते भावनेने नाही, भावाने. त्याच तारखांचे दोन्ही हॉटेलांचे दर एखाद्या बुकिंग संकेतस्थळावर बघून स्क्रीनशॉट काढा. पहिलं रात्रीला ५,८०० आणि दुसरं ३,६०० असेल, तर समकक्ष कसं, आणि फरकाचे पैसे कुठे? शिवाय अंतर बघा. ‘श्रीनगरमध्ये’ म्हणून दिलेलं हॉटेल दल सरोवरापासून आठ-दहा किलोमीटर दूर असू शकतं, आणि ‘पहलगाम’ म्हणून दिलेलं खाली अनंतनागच्या वाटेवर.

गाडीचा खर्च प्रश्नात आला नाही, पण सहलीला जायचं ठरवलंत तर सगळ्यात जास्त ठिणग्या तिथे उडतात. पॅकेजमधली गाडी पहलगामपर्यंत जाते. तिथून आरू, बेताब व्हॅली, चंदनवाडी बघायला स्थानिक युनियनची टॅक्सीच घ्यावी लागते. सोनमर्गला झीरो पॉइंटसाठी तेच. गुलमर्गच्या गोंडोलाची (केबल कारची) तिकिटं ऑनलाइन निघतात, हंगामात आधीच संपतात. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, दुसरा अफरवटपर्यंत, दोन्हींची तिकिटं वेगळी. तिथे उभे दलाल ‘करून देतो’ म्हणतात, त्यांना टाळा. यातलं काही पॅकेजमध्ये नसेल तर ती फसवणूक म्हणता येत नाही, तिथली पद्धतच तशी आहे. पण कंपनीने ते आधी सांगायला हवं. ‘साइटसीइंगसह’ एवढंच छापून गप्प बसणारी कंपनी पाच जणांच्या कुटुंबाला सहज दहा-पंधरा हजारांचा चटका लावते. हिमाचल, सिक्कीममध्येही हेच. रोहतांगला दिवसाला १,२०० गाड्यांची मर्यादा (८०० पेट्रोल, ४०० डिझेल) आणि ऑनलाइन परवाना आहे. नथू ला खिंडीला परवाना नोंदणीकृत एजंटमार्फतच मिळतो, गाडी सिक्कीमचीच लागते आणि आठवड्यातले काही दिवस ती बंद असते. तुमच्या कार्यक्रमातला नथू लाचा दिवस नेमका बंदीच्या वारी ठेवलेला असेल, तर पॅकेज बनवणाऱ्याने तिकडचं तोंडही पाहिलेलं नाही असं खुशाल समजा.

करांबद्दल एक फसवं उत्तर ठरलेलं असतं: ‘जीएसटी सरकारला भरला, तो परत येत नाही.’ टूर पॅकेजवर ५ टक्के जीएसटी असतो. तुमच्या २,१५,००० मध्ये तो धरलेला असेल तर सुमारे १०,२०० रुपये होतात. व्यवहार रद्द झाला की कंपनी जीएसटी कायद्याच्या कलम ३४ खाली क्रेडिट नोट काढून आपला भरलेला कर वळता करून घेऊ शकते. ज्या आर्थिक वर्षात बिल झालं ते संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंत तिला मुदत असते. जानेवारीच्या बिलासाठी मेमध्ये मुदत संपलेली नाहीच. (ही करवाली क्रेडिट नोट वेगळी आणि तुमच्या हातात ठेवायची ती वेगळी. नाव एक असल्याने मुद्दाम गोंधळ घातला जातो.) परदेशी पॅकेजवर टीसीएस (विकणाऱ्याने तुमच्याकडून गोळा करून सरकारला भरायचा आयकर) लागतो. तो खर्च नसून तुमच्या पॅनवर जमा झालेला आगाऊ कर असतो. आयकर खात्याकडच्या तुमच्या वार्षिक कर नोंदीत दिसतो आणि विवरणपत्र भरताना वळता होतो किंवा परत मिळतो. सहल रद्द झाली तरी तो बुडत नाही, फक्त कंपनीने खरंच भरलाय का ते तपासा.

आता जादा ६,५०० रुपयांकडे येऊ. पाच जणांचे ३२,५०० म्हणजे मूळ किमतीच्या सुमारे १५ टक्के. युरोपीय संघाच्या पॅकेज प्रवास नियमांत ८ टक्क्यांपेक्षा जास्त दरवाढ झाली की ग्राहकाला दंडाविना बाहेर पडता येतं, आणि निघण्याआधीच्या २० दिवसांत दरवाढ करताच येत नाही. ब्रिटनमध्ये तर विमानासह पॅकेज विकणाऱ्याला ‘अ‍ॅटॉल’ नावाचं संरक्षण घ्यावं लागतं. कंपनी बुडाली तरी ग्राहकाचे पैसे परत येतात. लंडन-मँचेस्टरला राहणाऱ्या नातेवाइकांनी तिथून युरोपचं पॅकेज घेऊन ‘आमचे लगेच मिळाले’ म्हटलं, तर त्यामागे हा कायदा असतो. आपल्याकडे टूर कंपन्यांसाठी अशी कायदेशीर ठेव किंवा टक्केवारीची रेषा नाही. म्हणून सगळा भार तुमच्या पावतीवर आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ वर येतो.

पावतीवर ‘इंधन दर, विमानभाडं वाढल्यास फरक भरावा लागेल’ असं छापलेलं असेल, तर कंपनीला वाढीचा हिशेब मागा: जानेवारीतलं भाडं काय धरलं होतं, तिकीट कधी काढलं, कितीला काढलं. तिकीट आधीच निघालेलं असेल तर भाडं वाढण्याचा प्रश्नच येत नाही. मुलांचा हिरमोड नको, आईची इच्छा राहते, म्हणून जायचंच ठरवलंत तर जरूर जा. पण जादा रक्कम ‘हरकत नोंदवून, हक्क राखून भरत आहोत’ असं आधी ईमेलने कळवून, आणि बँकेच्या मार्गानेच भरा. रोख देऊ नका. मुकाट्याने भरलेले पैसे नंतर परत मागणं अवघड जातं. हरकत नोंदवून भरलेले मागता येतात.

६० टक्के कपातीचं काय? भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करारात दंड लिहिलेला असला, तरी मिळते ती वाजवी भरपाईच. कंपनीचा पैसा खरोखर कुठे अडकला, किती बुडाला, हे तिने दाखवायचं. हॉटेलने विसार परत केला, विमानाचा परतावा आला, गाडी ठरलीच नव्हती. मग १,२९,००० कशाचे? हा प्रश्न तुम्ही आधी केलेल्या फोन-ईमेलांमुळेच विचारता येतो. आणि सहल कुणाच्याच हाताबाहेरच्या कारणाने अशक्य झाली, तर कलम ५६ आणि ६५ उपयोगी पडतात: करार निष्फळ ठरला की ज्याने लाभ घेतला त्याने तो परत करायचा. २२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर काश्मीरमधली ८७ पैकी ४८ पर्यटनस्थळं बंद झाली आणि मेमध्ये श्रीनगरसह ३२ विमानतळ काही दिवस ठप्प होते. अशा वेळी ‘ग्राहकाने रद्द केलं’चा तक्ता लावणं टिकत नाही. भीतीपोटी महिनाभर आधी स्वतःहून रद्द केलं असेल, तर मात्र बाजू कमकुवत होते. तिथे विमान आणि हॉटेलांनी जाहीर केलेल्या सवलतींचा फायदा तुमच्यापर्यंत पोहोचला का, एवढंच विचारता येतं.

क्रेडिट नोट घेऊ नका, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. ते कंपनीला दिलेलं बिनव्याजी, बिनतारण कर्ज असतं. जेट एअरवेज बंद पडली १७ एप्रिल २०१९ ला, गो फर्स्टची उड्डाणं थांबली ३ मे २०२३ ला. दोन्ही वेळा ऐन उन्हाळी हंगामात, जेव्हा प्रवाशांनी पुढचे पैसे भरून ठेवले होते. विमान कंपनी दिवाळखोरीत गेली की प्रवासी हा बिनतारण धनको (ज्याचे पैसे येणे आहेत तो) ठरतो आणि रांगेत बँकांच्या मागे उभा राहतो. मोठ्या विमान कंपनीची ही गत, तर दोन खोल्यांच्या टूर ऑफिसची क्रेडिट नोट किती दिवस जगेल याचा अंदाज तुम्हीच बांधा. नाइलाजाने घ्यावीच लागली तर चार गोष्टी लेखी घ्या: कपातीविना पूर्ण रकमेची असावी, दुसऱ्याच्या नावावर करता यावी, दिवाळी-मे असे हंगाम वगळलेले नसावेत, आणि ठराविक तारखेपर्यंत वापरली नाही तर रोख परत मिळावी. चौथी अट ऐकून कंपनी काय म्हणते, त्यावरून तिची आर्थिक तब्येत कळते.

कार्डवरचे ६५,००० हा तुमचा सगळ्यात सोपा भाग. कार्ड देणाऱ्या बँकेकडे ‘सेवा मिळाली नाही’ या कारणाखाली चार्जबॅक (बँकेने कंपनीकडून पैसे परत ओढून देणं) मागा. कार्ड जाळ्यांच्या (व्हिसा, मास्टरकार्ड वगैरे) नियमांत यासाठी बहुधा सेवेच्या ठरलेल्या तारखेपासून १२० दिवस असतात, पण बँकेची स्वतःची मुदत त्याहून कमी असू शकते, म्हणून थांबू नका. सोबत पावती, तुमचा ईमेल, कंपनीचं उत्तर आणि हॉटेलचं ‘बुकिंग नाही’ हे पत्र जोडा. यूपीआयने दिलेल्या १,५०,००० ना ही सोय नाही; तुम्ही स्वतः पिन टाकून दिलेले पैसे बँक परत ओढत नाही. तपासा मात्र, ते कंपनीच्या खात्यात गेले की मालकाच्या खासगी खात्यात. खासगी खात्यात गेले असतील तर तक्रारीत त्या व्यक्तीलाही नावानिशी पक्षकार करता येतं. आणि ज्यांनी ‘आता फिरा, नंतर भरा’ पद्धतीने ईएमआयवर सहल घेतली आहे, त्यांनी हे लक्षात घ्यावं की कर्ज देणारी संस्था वेगळी असते. सहल रद्द झाली तरी तिचे हप्ते चालूच राहतात. थांबवलेत तर सिबिल स्कोअर तुमचा बिघडतो. हप्ते भरत राहा, संस्थेला लेखी कळवा, भांडण टूर कंपनीशी करा.

ईमेलला सात दिवसांत समाधानकारक उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. हे न्यायालय नव्हे, ती कंपनीला तक्रार पाठवते आणि समेट घडवायला बघते. नाव जपणारी कंपनी इथेच नमते. भिजत घोंगडं पडलं तर पंधरा दिवसांची मुदत देणारी नोटीस रजिस्टर्ड पोस्टाने आणि ईमेलने पाठवा. ती वकिलाचीच हवी असं नाही.

त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. तो नाशिकचाच. पावतीवर ‘सर्व वाद पुणे न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात’ असं छापलेलं असतं, ते वाचून लोक माघार घेतात. पण २०१९ च्या कायद्याचं कलम ३४ तक्रारदार राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करू देतं. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. ५ लाखांपर्यंत शुल्क शून्य. मुदत दोन वर्षं. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते, वकील लागत नाही.

मसुद्यात इथे चूक होते: संतापाच्या भरात लोक ‘हा करारच अन्याय्य आहे, तो रद्द करा’ अशी मुख्य मागणी लिहितात. अन्याय्य कराराच्या तक्रारी कायद्याने राज्य आयोगाकडे दिल्या आहेत. जिल्हा आयोगात मुद्दे ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ हेच ठेवा. त्रुटी असलेली सेवा थांबवून पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत न करणं ही त्याच कायद्यानुसार अनुचित प्रथा आहे, तो आधार पुरेसा आहे. विमान कंपनीला उगाच पक्षकार करू नका. तिची चूक नसेल तर फक्त तारखा वाढतात. कंपनीचं खरं नाव पावतीवरच्या जीएसटी क्रमांकावरून जीएसटी पोर्टलवर बघा. पाटीवर ‘हॉलिडेज’ असतं, आत एका माणसाची मालकी असते. त्याचं कायदेशीर नाव चुकलं तर मिळालेला आदेशही राबवता येत नाही.

मागण्या मोजक्या ठेवा: २,१५,००० (किंवा चार्जबॅक मिळाल्यास उरलेली रक्कम), भरल्या तारखेपासून व्याज, मानसिक त्रासाचे वाजवी पैसे, तक्रारीचा खर्च. मनस्तापाचे दहा लाख मागितले की सदस्यांचा तुमच्याकडे बघण्याचा चष्मा बदलतो. सोबत तारीखवार एक पानी घटनाक्रम, पावत्या, बँकेचा उतारा, जाहिरात किंवा कार्यक्रमपत्रिका, सगळे ईमेल आणि प्रतिज्ञापत्र. व्हॉट्सअ‍ॅप पुरावा म्हणून देताना संभाषण ‘एक्स्पोर्ट’ करा, नुसते स्क्रीनशॉट नकोत, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा (पूर्वीचं ६५ब). फोन बदलू नका, बदललात तरी जुना विकू नका.

नोटीस मिळाल्यावर समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. ४५ दिवसांच्या पुढे सवलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये पक्कं केलंय. तरीही सगळं प्रकरण कायद्यात लिहिलेल्या तीन महिन्यांत संपेल असं धरून चालू नका, जास्त लागतात. मध्यस्थीचा पर्याय समोर आला तर पूर्ण मुद्दल रोख मिळत असेल तेव्हा व्याज सोडायला हरकत नाही. आदेश होऊनही पैसे नाही दिले तर कलम ७२ खाली महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५,००० दंड होऊ शकतो. त्याचा अर्ज पडला की बरेच जण धनादेश घेऊन येतात.

कार्यालयाला कुलूप, फोन बंद, आणि तुमच्यासारखे अनेक जण सापडले, तर मात्र आयोगाची वाट बघू नका. हा मग फौजदारी मामला होतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) आणि ३१६ (विश्वासघात) खाली सगळ्यांनी मिळून पोलिसांत तक्रार द्या, रक्कम मोठी असेल तर आर्थिक गुन्हे शाखेकडे.

शेवटी एक धोका, जो परतावा मागत असतानाच येतो. वैतागून माणूस समाजमाध्यमावर कंपनीला टॅग करून पीएनआर आणि मोबाइल क्रमांकासह तक्रार लिहितो. तासाभरात ‘रिफंड विभागातून’ फोन येतो, लिंक किंवा क्यूआर येतो, स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप घ्यायला सांगतात. सर्च करून मिळवलेल्या ‘कस्टमर केअर’ क्रमांकांचंही तेच. नंबर फक्त तिकिटावरचा किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरचा घ्या, जाहीर तक्रारीत पीएनआर लिहू नका. यूपीआयवर पैसे येताना पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून जाणार आहेत. चुकून गेलेच तर बँकेच्या आधी १९३० वर फोन करा, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा. पहिल्या तासा-दोन तासांत कळवलं तर रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येते, दुसऱ्या दिवशी सकाळी कळवलं तर ती बहुधा तीन खाती ओलांडून गेलेली असते.